देवळाच्या गोठ्यातील गाई, बैल आणि माणसे

देवस्थानाने गाई-गुरे बाळगण्याची रीत भारतात फार जुनी आहे. दूध-दही अभिषेकाला लागते, तूप नंदादीपाला, शेण सारवणाला. त्यासाठी राजे, व्यापारी आणि गावकरी देवळाला जनावरे दान करत. तमिळ देशातील चोळकालीन शिलालेखांत एका अखंड दिव्याच्या तुपासाठी ९६ मेंढ्या दिल्याच्या नोंदी पुष्कळ सापडतात. या मेंढ्या मरू नयेत आणि म्हाताऱ्या होऊ नयेत, अशा अर्थाची अट त्यात असे. धनगराने कळपाचा आकडा कायम राखायचा आणि ठरलेले तूप पोचवायचे. वाढीव कोकरांचे आणि थकलेल्या मेंढ्यांचे काय करायचे, हा त्याचा प्रश्न. व्यवहार म्हणून ही चोख व्यवस्था होती. मात्र देवळाचा संबंध तुपाशी होता, जनावराच्या पूर्ण आयुष्याशी नव्हता.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत काही हिंदू मंदिरांनी याहून कितीतरी अवघड जबाबदारी पत्करली आहे. गाय व्याली की कालवड असो वा गोऱ्हा, तो गोठ्यातच राहील. गाय भाकड झाली, बैल थकला, तरी तो विकला जाणार नाही. प्रत्येक जनावराचा शेवट त्याच्या स्वतःच्या मरणानेच होईल. हा नियम ऐकायला सोपा वाटतो. तो पाळायचा म्हटले की जमीन किती हवी, गाय किती वेळा व्यावी, बैलाला काम कोणते, दुधाची किंमत किती आणि हे सगळे उपसणारी माणसे कुठून आणायची, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. मंदिराच्या शेतीवरचे लोकजीवन या प्रश्नांभोवतीच आकार घेते. ते नीट पाहायचे तर इंग्लंडमधील भक्तिवेदान्त मॅनर हे उत्तम उदाहरण आहे. हिंदू परंपरेची सवय नसलेल्या देशात आणि कडक कायद्यांच्या चौकटीत हा गोठा चालतो. त्यामुळे भारतात गृहीत धरल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी तिथे मुळापासून मांडाव्या लागल्या.

लंडनच्या वायव्येला, हर्टफर्डशर परगण्यात वॉटफर्डजवळ, लेचमोर हीथ नावाचे लहानसे खेडे आहे. त्याच्या कडेला पिगट्स मॅनर हा जुन्या इंग्रजी धाटणीचा वाडा होता. एके काळी तो परिचारिकांच्या शिक्षणासाठी वापरला जाई. १९७३ मध्ये बीटल्स या वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांनी तो वाडा आणि भोवतीची सुमारे १७ एकर जमीन विकत घेऊन आंतरराष्ट्रीय कृष्णभावनामृत संघाला, म्हणजे इस्कॉनला, दिली. तोपर्यंत संघाचे लंडनमधील मंदिर ब्रिटिश म्युझियमजवळच्या एका अरुंद इमारतीत होते. त्याच वर्षीच्या जन्माष्टमीला वाड्यात राधा-गोकुलानंदाच्या मूर्तींची स्थापना झाली. देवाचे नावच गोकुलानंद. तेव्हा गोकुळ उभे राहणे ओघानेच आले. पुढे शेजारची शेते जोडली जाऊन जमीन ७० एकरांच्या वर गेली, आणि २०१० च्या सुमारास ‘न्यू गोकुळ’ हा प्रशस्त लाकडी गोठा बांधून झाला. सध्या गाई, बैल आणि वासरे मिळून पन्नासच्या आसपास जनावरे तिथे असतात.

या गोठ्यामागचा विचार संघाचे संस्थापक अभयचरणारविंद भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद (१८९६–१९७७) यांचा. गीतेच्या अठराव्या अध्यायात शेती, गोरक्षण आणि व्यापार ही वैश्याची स्वाभाविक कर्मे सांगितली आहेत. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण नंदबाबांना इंद्रयाग सोडून गाईंची आणि गोवर्धनाची पूजा करायला सांगतो. प्रभुपादांनी या दोन आधारांवर साध्या राहणीची एक कल्पना मांडली: थोडी जमीन, थोड्या गाई, बैलांवर चालणारी शेती, आणि या सगळ्याच्या मध्यभागी देव. यंत्रयुगाच्या ऐन भरात, त्यातही अमेरिका आणि युरोपात, ही कल्पना मांडणे धाडसाचे होते. त्यांच्या मांडणीत बैलाला गाईइतकेच महत्त्व होते, हे विशेष. गाय दूध देते म्हणून माता, बैल धान्य पिकवतो म्हणून पिता. गोपूजेच्या उत्साहात या दुसऱ्या अर्ध्या भागाचा विसर सहज पडतो. गोरक्षणाची खरी परीक्षा मात्र तिथेच होते.

कारण हिशेब असा आहे. दूध हवे तर गाय व्यायला हवी, आणि जन्मणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मे नर असतात. युरोपातील व्यापारी दुग्धशाळेत गाय दोन वर्षांची झाली की पहिल्यांदा विते, मग जवळजवळ दरवर्षी विते, आणि तीन-चार वेतांनंतर, वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास, तिला कत्तलखान्याकडे पाठवले जाते. दुधाळ जातीच्या गोऱ्ह्याला मांसाच्या बाजारातही फारसा भाव नसतो. तो जन्मल्यानंतर लवकरच मारला जातो किंवा मांसासाठी वाढवला जातो. दुकानातील दुधाची किंमत कमी ठेवण्यात या व्यवस्थेचा मोठा वाटा आहे. गाईचे नैसर्गिक आयुष्य १५ ते २० वर्षांचे. म्हणजे दोन तृतीयांश आयुष्य या गणितातून वगळलेले असते.

आता हेच गणित मंदिराच्या नियमाने मांडून पाहावे. दहा गाईंच्या कळपात प्रत्येक गाय दरवर्षी व्याली आणि एकही जनावर बाहेर गेले नाही, तर मरतूक धरूनही दहा वर्षांत आकडा दोनशेच्या आसपास जातो. इंग्लंडच्या हवामानात एका मोठ्या जनावराच्या चराईला आणि हिवाळ्याच्या वैरणीला ढोबळ मानाने एक ते दोन एकर जमीन लागते. म्हणजे ७०-८० एकरांवर पन्नास जनावरे हीच जवळजवळ शेवटची मर्यादा. कळप स्थिर ठेवायचा तर एका गाईने उभ्या आयुष्यात सरासरी दोनदाच व्यावे: एक कालवड, एक गोऱ्हा. एका वेतात तिने दोन वर्षे दूध दिले, तर अठरा वर्षांच्या आयुष्यात चार वर्षांचे दूध झाले. कळपातील निम्मे नर धरले की गोठ्यातल्या दहा जनावरांमागे एका वेळी जेमतेम एक गाय दुधात असते. वेत लांबवून तीन-चार वर्षे धार चालू ठेवता आली, तर दोन. एका दुभत्या गाईच्या दुधावर पाच ते दहा तोंडांच्या वैरणीचा भार पडतो. आजन्म गोपालनातले दूध महाग का, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

हे गणित न मांडता भावनेच्या भरात गाई वाढवल्या की काय होते, तेही दिसून आले आहे. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात १९६८ मध्ये सुरू झालेली न्यू वृंदावन ही इस्कॉनची पहिली शेतवस्ती. दिवस भरभराटीचे होते, माणसे होती, देणग्या येत होत्या, तेव्हा तिथली गुरे शेकड्यांनी वाढली. पुढे वस्तीच्या नेतृत्वावर गंभीर गुन्ह्यांचे आरोप झाले, १९८० च्या दशकाच्या अखेरीस संघाने त्या वस्तीला बाहेर काढले आणि माणसे पांगली. माणसांना जाता आले. गुरे तिथेच राहिली, आणि पुढची कित्येक वर्षे मोजक्या लोकांनी त्यांचा सांभाळ केला. या आणि अशा इतर अनुभवांनंतर संघाने गोपालनाचे किमान नियम लिहून काढले. आधी जमीन, चारा आणि जबाबदार माणूस यांची तजवीज, मग गाय भरवणे, हा त्यांचा गाभा. श्रद्धेच्या कामाला अशी शिस्त लावणे कोरडे वाटू शकते. पण गाईवरच्या प्रेमाची वाट या वहीखात्यातूनच जाते, हे त्या वस्तीतल्या जनावरांच्या वाट्याला आलेल्या दिवसांवरून कळते.

गोऱ्ह्याला काम दिले की तो गोठ्यावरचा भार राहत नाही. म्हणून मॅनरमध्ये बैलांकडून नांगरट, वखरणी, गवताची आणि शेणखताची वाहतूक करून घेतात, आणि पाहुण्यांना बैलगाडीतून फिरवतात. यात युरोपीय बैलाची एक अडचण आहे, ती मराठी शेतकऱ्याच्या चटकन लक्षात येईल. खिलार किंवा डांगी बैलाला वशिंड असते. जू मानेवर वशिंडाच्या पुढे बसते आणि ओढताना त्याला मागून आपोआप अटकाव मिळतो. जू, दोन बाजूंच्या शिवळा, गळ्याखालून जोते, एवढ्यावर काम भागते. इंग्रजी गाईगुरांना वशिंडच नसते. पाठ सपाट, मान जाड. आपले जू त्यांच्यावर ठेवले तर ते मागे घसरत जाईल. म्हणून तिकडे मानेच्या आकाराला कोरलेले जाड लाकडी जू वापरतात आणि वाफेवर वाकवलेल्या लाकडाची एक कमान गळ्याखालून वर घेऊन जुवात अडकवतात. ओढ खांद्यावर पडते. कमान थोडी अरुंद झाली तर श्वास कोंडतो, सैल राहिली तर कातडे सोलते. बैल वाढत असतो, त्यामुळे दर काही महिन्यांनी नवे माप घ्यावे लागते. महाराष्ट्रात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती दखल आहे. हर्टफर्डशरच्या बैलाला पोळा ठाऊक नाही, पण त्याचा खांदा तपासल्याशिवाय त्याला कामाला जुंपू नये हा नियम तिथेही तोच.

बैल शिकवायचा तो लहानपणीच. काही महिन्यांच्या गोऱ्ह्याला म्होरकी घालून माणसाबरोबर चालायला लावतात. पाश्चात्त्य पद्धतीत वेसण सहसा नसते. चल, थांब, डावीकडे, उजवीकडे, मागे हो, एवढे शब्द त्याला आवाजावरून कळायला हवेत. रोज थोडा वेळ, एकाच माणसाने, एकाच स्वरात. मग सारख्या उंचीची आणि सारख्या चालीची जोडी जमवायची. लहान जुवावर हलके ओंडके ओढायला देत देत चौथ्या वर्षाच्या सुमारास बैल पुऱ्या कामाला तयार होतो. पुढची दहाएक वर्षे त्याने औत ओढावे आणि मग निवांत चरावे. युरोपातील जुन्या मापाप्रमाणे बैलजोडीने दिवसाला एखादा एकर नांगरावा. ट्रॅक्टर तेच काम तासाभरात करतो. तेव्हा बैलाची शेती वेगात ट्रॅक्टरला हरवेल असे कुणी समजू नये. तिचे मोल वेगळे आहे: बैल गवतावर चालतो, शेण देतो, आणि शिकवणाऱ्याला जमिनीवर पायी चालायला लावतो. खरी टंचाई बैल हाकणाऱ्या माणसांची आहे. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात बैलांची औते जवळजवळ नाहीशी झाली आणि ही विद्या थोडक्या हौशी लोकांकडे उरली. मंदिराच्या शेतांना ती पुस्तकांतून, अमेरिकेतल्या बैलवाल्यांकडून आणि चुकतमाकत, पण स्वतःच, पुन्हा मिळवावी लागली.

गोठ्याचा दिवस मंदिराच्या घड्याळावर चालतो. पहाटे साडेचारला मंगल आरती होते, आणि धार काढणाऱ्यांची धावपळ त्याच्या आगेमागे सुरू होते. धारा हाताने काढतात. वासराला आईपासून तोडत नाहीत. आधी ते पिते, त्याच्या ढुशांनी गाय पान्हा सोडते, मग कोमट पाण्याने कास धुऊन, पुसून, माणूस खाली बसतो. जाणता माणूस चिमटीने आचळ ओढत नाही. अंगठा आणि तर्जनीने आचळाचे मूळ बंद करून बाकीची बोटे एकामागून एक मिटत नेतो, म्हणजे आचळाला इजा होत नाही. पहिल्या काही धारा वेगळ्या भांड्यात घेऊन गुठळ्या दिसतात का ते पाहायचे, कारण कासदाहाची पहिली खूण तीच असते. गाय नुकतीच व्यालेली असेल तर सुरुवातीचा चीक वासराच्या हक्काचा. त्यातूनच त्याला रोगप्रतिकारशक्ती मिळते. वासराचे पोट भरून उरला तरच खरवसाचा विचार करावा.

काढलेले दूध गाळून देवाच्या स्वयंपाकघरात जाते. त्याचे दही, लोणी, पनीर, खवा, मिठाई होते, नैवेद्य दाखवला जातो आणि प्रसाद म्हणून वाटला जातो. गोठ्यात राबणाऱ्याच्या मनात या साखळीचे मोठे स्थान आहे. पहाटेच्या थंडीत त्याने काढलेले दूध सकाळच्या आरतीला देवापुढे असते.

बाकीचा दिवस मात्र शेणाचा आणि वैरणीचा. दक्षिण हर्टफर्डशरची जमीन चिकणमातीची. शरद ऋतूतल्या पावसात गुरांच्या खुरांनी कुरणाचा राडा होतो, गवताची मुळे तुटतात. म्हणून साधारण नोव्हेंबर ते एप्रिल गुरे आत ठेवतात. त्या सहा महिन्यांची वैरण उन्हाळ्यात कापून, वाळवून, साठवून ठेवायची. गवत कापल्यावर तीन-चार दिवस कोरडे मिळाले तर चांगले, नाहीतर ते काळे पडते किंवा कुजते. इंग्लंडच्या उन्हाळ्यात सलग कोरडे दिवस मिळणे नशिबाचा भाग असतो, आणि असे दिवस आले की ज्याला पेंढ्या उचलता येतात तो प्रत्येक जण शेतात असतो. गोठ्यात गव्हाच्या पेंढ्याचे जाड अंथरूण असते. ते रोज उपसून खताच्या ढिगाऱ्यावर जाते, कुजते, आणि वसंतात भाजीच्या वाफ्यांत आणि देवाला फुले पुरवणाऱ्या बागेत पोचते.

ही कामे करणारी माणसे दोन प्रकारची आहेत, आणि त्यांच्यातील नाते या वस्तीचे वैशिष्ट्य आहे. मंदिरात राहणारे ब्रह्मचारी आणि आसपास घरे करून राहिलेली भक्त कुटुंबे हा कायमचा गाभा. यांतले कित्येक जन्माने इंग्रज, आयरिश किंवा इतर युरोपीय. दुसरा, कितीतरी मोठा वर्ग लंडन आणि परिसरातल्या हिंदू कुटुंबांचा. १९६० च्या दशकात केनियातून आणि १९७२ मध्ये इदी अमीनच्या हकालपट्टीमुळे युगांडातून आलेली गुजराती कुटुंबे त्यात प्रमुख आहेत. ती ब्रिटनमध्ये नव्याने पाय रोवत होती, त्याच वेळी हे मंदिर उभे राहिले. दुकाने, घर, व्यवसाय गमावून आलेल्या लोकांना शहराच्या उंबरठ्यावर देव आणि गाई एकत्र सापडल्या. कायमच्या भक्तांकडे वेळ आणि निष्ठा होती, या कुटुंबांकडे संसारातून साठवलेला पैसा आणि आठवड्याच्या सुटीचे हात. गोठा दोघांच्या आधारावर उभा राहिला. तमिळ, पंजाबी, बंगाली आणि मराठी कुटुंबेही सणावाराला तिथे येतात.

या लोकप्रियतेतूनच मंदिरावरचे पहिले मोठे संकट आले. रविवारी आणि जन्माष्टमीला हजारोंची गर्दी लेचमोर हीथच्या अरुंद रस्त्यांतून जाऊ लागली. शांत खेड्यातल्या रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती. स्थानिक परिषदेने सार्वजनिक पूजेला मनाई करण्याची कारवाई सुरू केली आणि खटला वर्षानुवर्षे चालला. १९९४ मध्ये हजारो हिंदूंनी लंडनमध्ये मोर्चा काढला. ब्रिटनमधील हिंदू समाज आपल्या मागणीसाठी इतक्या मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरण्याचा तो प्रसंग अपूर्व होता. अखेर १९९६ मध्ये सरकारने परवानगी दिली. गावाला वळसा घालून जाणारा वेगळा रस्ता मंदिराने बांधावा, हा तोडग्याचा मुख्य भाग होता. तो योग्यही होता. देवळाला देव हवा तसा गावाला रस्ता हवा. आता जन्माष्टमीला दोन-तीन दिवसांत हजारो लोक येतात, त्यांच्यासाठी शेकडो स्वयंसेवक रांगा, गाड्या, स्वयंपाक सांभाळतात. मुले मात्र दर्शनाच्या आधी गोठ्याकडे पळतात. दिवाळीतील गोवर्धनपूजेला अन्नकूट रचतात, गाई-बैलांना सजवून ओवाळतात आणि गोग्रास देतात. एरवीच्या दिवसांत शाळांच्या सहली येतात. शहरात वाढलेल्या अनेक मुलांना गाईच्या खरखरीत जिभेचा स्पर्श तिथेच पहिल्यांदा होतो.

२००७ साली ब्रिटनमध्ये आजन्म गोपालनाच्या नियमाची आणि राज्याच्या कायद्याची दोनदा टक्कर झाली. वेल्समधील स्कंद वेल या आश्रमातील शंभो नावाच्या बैलाची एप्रिलमधील क्षयाची चाचणी होकारार्थी आली. गुरांचा क्षय संसर्गजन्य असतो आणि नियमानुसार असे जनावर मारावे लागते. आश्रमाने त्याला वेगळे ठेवून उपचार करण्याची तयारी दाखवली. जुलैत उच्च न्यायालयाने आश्रमाच्या बाजूने कौल दिला, आठवड्याभरात अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि २६ जुलैला शंभोला नेऊन मारण्यात आले. शवविच्छेदनात क्षयाशी जुळणाऱ्या खुणा आढळल्या. आश्रमाच्या श्रद्धेबद्दल पूर्ण आदर ठेवूनही शेजारच्या शेतकऱ्यांच्या गुरांना असलेला धोका नाकारता येत नाही. इथे दोन्ही बाजूंकडे जिवाची काळजी होती.

दुसरे प्रकरण भक्तिवेदान्त मॅनरचे, आणि त्याचा रंग वेगळा होता. गंगोत्री नावाची तेरा वर्षांची गाय मागच्या पायांच्या स्नायूंना इजा झाल्याने उठू शकत नव्हती, आणि एक वर्षाहून जास्त काळ भक्त तिची शुश्रूषा करत होते. बसून राहिलेल्या जनावराची सेवा हे अतिशय कष्टाचे काम असते. पाच-सहाशे किलोच्या देहाचे वजन स्वतःच्याच स्नायूंवर आणि नसांवर पडते. दर काही तासांनी कूस बदलावी लागते, अंथरूण कोरडे ठेवावे लागते, चट्टे पडू नयेत म्हणून अंग चोळावे लागते, वैरण-पाणी तोंडापाशी न्यावे लागते. १३ डिसेंबर २००७ रोजी प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणाऱ्या राजमान्य संस्थेचे लोक पोलिसांसह मंदिरात आले आणि गंगोत्रीला इंजेक्शन देऊन मारले. तिला वेदनेत ठेवणे हेच क्रौर्य, अशी त्यांची बाजू होती. आपल्याला न विचारता, सेवा चालू असताना हे झाले, याचे दुःख हिंदू समाजात खोल उमटले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्या संस्थेने झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगिरी व्यक्त करून मंदिराला अदिती नावाची गाभण गाय भेट दिली.

हा पेच भारतीयांना परका नाही. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य वेदनेत तळमळत होते. गांधीजींनी डॉक्टरांकरवी इंजेक्शन देऊन त्याचा अंत करवला, आणि त्यावर देशभरातून टीकेची पत्रे आली. त्यांनी त्या पत्रांना जाहीर उत्तरे दिली. गाईवर निस्सीम प्रेम करणारी माणसेही या ठिकाणी दोन वाटांनी जातात. इस्कॉनचा नियम मारण्याची वाट बंद ठेवतो. म्हणूनच त्याच्यावर शुश्रूषेचे ओझे जास्त येते: वेदनाशामक औषधे, पशुवैद्याच्या वेळेवर भेटी आणि रात्री जागणारी माणसे यांत कसूर झाली तर नियम पाळला जातो आणि जनावर भोगत राहते.

कायद्याची सोबत इंग्लंडच्या गोठ्यात जन्मापासून असते. प्रत्येक वासराच्या कानाला क्रमांकाचे बिल्ले टोचावे लागतात, त्याचे ओळखपत्र काढावे लागते, ते एका शेतातून दुसऱ्या शेतात गेले तरी नोंद लागते, क्षयाच्या चाचण्या ठरल्या वेळी होतात. मरणानंतरही नियम आहेत. २००३ पासून मेलेली गुरे शेतात पुरायला बंदी आहे. त्यांची विल्हेवाट मान्यताप्राप्त व्यवस्थेमार्फतच लावावी लागते. ज्या बैलाला दहा वर्षे नावाने हाक मारली त्याला स्वतःच्या शेतात मूठमाती देता येत नाही. प्रार्थना, तुळस, गंगाजल हे सगळे गाडी येण्यापूर्वी उरकायचे.

पैशाची बाजू एकट्या दुधावर भागत नाही. मंदिराच्या गोठ्यात कुटुंबे एखाद्या गाईचा किंवा बैलाचा महिन्याचा खर्च उचलतात, वाढदिवसाला किंवा आई-वडिलांच्या स्मृतीला चारा देतात. दुधाच्या किमतीतच जनावराच्या म्हातारपणाची तरतूद बसवण्याचा प्रयोगही ब्रिटनमध्ये याच विचारातून निघाला. २०११ मध्ये सुरू झालेली अहिंसा डेअरी अशा गाईंचे दूध विकते, आणि ते बाजारभावाच्या कितीतरी पट महाग असते. गिऱ्हाईक थोडे, पण त्याला आपण कशाचे पैसे देतो हे ठाऊक असते.

महाराष्ट्राशी या विषयाचा धागा इथे सरळ जुळतो. वर्ध्याला जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोसेवेच्या कामाला दिले. तिथेही भाकड गाय आणि निरुपयोगी ठरलेला गोऱ्हा हेच कोडे होते. २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळून लागू झालेल्या कायद्याने राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली. ट्रॅक्टर आल्याने बैलाचे काम मात्र झपाट्याने कमी झाले आहे, आणि त्याला पोसायचे कुणी, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दावणीला येऊन बसला. २०२४ मध्ये शासनाने देशी गाईला राज्यमाता-गोमाता असा दर्जा देऊन गोशाळांना प्रत्येक देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर केले. चारा, पाणी, मजुरी आणि औषध मिळून एका मोठ्या जनावराचा दिवसाचा खर्च याहून जास्त येतो, हे कुठलाही गोठेवाला सांगेल. उरलेला भार देणगी, शेणखत, बायोगॅस आणि बैलाचे काम यांतूनच निघायला हवा.

पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात, गालतरे गावी, इस्कॉनच्याच परिवारातील गोवर्धन इको व्हिलेज २००३ पासून हा प्रयत्न करत आहे. तिथला पाऊस कोकणी, गाई वशिंडाच्या, शेजारी वारली पाडे, त्यामुळे इंग्लंडमधल्या अनेक अडचणी तिथे नाहीत. शेणापासून बायोगॅस होतो, उरलेली मळी शेतात जाते, घरे दाबलेल्या मातीच्या विटांची आहेत. मुंबईहून दोन-तीन तासांच्या अंतरावर असल्याने शहरातले भक्त आठवड्याच्या अखेरीस येऊन राहतात आणि खर्चाला हातभार लावतात. कळपाची वाढ आणि गोऱ्ह्यांचे काम हे दोन प्रश्न मात्र इथेही तेच आहेत. गाय किती वेळा भरवायची, हे तिथेही शेताची वैरण आणि जुंपता येतील अशा जोड्या मोजूनच ठरवावे लागते.